धंद्यात खोटा आळ आला तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

सकाळी साडेनऊला तालुक्यातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: "टॅक्सचे पैसे वेळेत देऊनही दंड आला. पैसे कुठे फिरवले ते त्यांनाच विचारा. सगळ्यांनी आपापली खाती तपासून घ्या." खाली माझ्या ऑफिसचं नाव. ग्रुपमध्ये अडीचशेच्या आसपास माणसं. मी कर सल्लागार, आणि त्यातल्या साठेक जणांच्या फायली माझ्याकडे. दुपारपर्यंत दोघांनी फाईल मागून नेली. त्यातल्या एकाने कारणसुद्धा सांगितलं नाही, फक्त "जरा भावाला दाखवायची आहे" म्हणाला.

प्रकरण होतं ७५८ रुपयांचं. मी त्यात बऱ्याच गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्या. तेव्हापासून असा आळ आलेले ओळखीतले लोक विचारायला येतात: डॉक्टर, क्लासवाले, केटरर, एक सिव्हिल इंजिनिअर. बहुतेकांची चूक एकच असते. आधी संतापून उत्तर, मग पोलीस स्टेशन, मग वकील, आणि पुरावा गोळा करायची आठवण सगळ्यात शेवटी. तोपर्यंत समोरच्याने मेसेज डिलीट केलेला असतो आणि ग्रुपवर उरलेलं असतं फक्त तुमचं भडकलेलं उत्तर.

क्रम खाली दिला आहे. तो मोडू नका.

## आधी हे ठरवा: मत, तक्रार की आरोप?

तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. इथेच गल्लत झाली की पुढचं सगळं वाकडं जातं.

मत: "जेवण बेचव होतं", "डॉक्टर नीट बोलत नाहीत", "सर शिकवतात ते डोक्यावरून जातं." हे लागतं, पण ही बदनामी नाही. याच्यावर वकील करू नका.

तक्रार: कुणी ग्राहक आयोगात, मेडिकल कौन्सिलकडे, तुमच्या संघटनेकडे किंवा वरिष्ठांकडे अर्ज दिला. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार कायद्याने बदनामीच्या व्याख्येतून वगळली आहे. तिचं उत्तर तिथेच, मुदतीत, कागदांसह द्यायचं. "माझ्याविरुद्ध अर्ज केलाच कसा" म्हणून उलट नोटीस पाठवणारे स्वतःचीच बाजू कच्ची करतात.

आरोप: "पैसे खाल्ले", "चुकीच्या इंजेक्शनने मारलं", "पेपर फोडला", "सिमेंट कमी वापरलं." खरं-खोटं तपासता येईल असं विधान, आणि तेही तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेलं. फक्त तुम्हालाच पाठवलेला मेसेज कितीही घाणेरडा असला तरी त्यात तिसरं कुणी नाही, म्हणून ती बदनामी होत नाही. हा लेख या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

## टप्पा १: पहिले दोन तास, हात बांधून पुरावा

उत्तर लिहायचं नाही. पुढचं काम करायचं, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून, कारण त्या वेळी आपला हात थरथरत असतो.

१. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. पण नुसता त्या बुडबुड्याचा नको. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि वरचे-खालचे दोन-दोन मेसेज दिसले पाहिजेत. नाव सेव्ह असेल तर त्यावर टिचकी मारून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट.

२. दुसऱ्या मोबाईलने तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढा: ग्रुप उघडला, वर सरकवला, मेसेज दिसला, पाठवणाऱ्याची माहिती उघडली. एकसलग.

३. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण दोन दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. थांबलात तर हातात "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढी एक ओळ राहील.

४. फेसबुक, यूट्यूब किंवा गुगल रिव्ह्यू असेल तर लिंक कॉपी करून ठेवा. लिंक नसेल तर पुढे कुठलाच प्लॅटफॉर्म तुमचं ऐकत नाही.

५. वर्तमानपत्रात आलं असेल तर पूर्ण पान ठेवा, नुसतं कात्रण नको. आवृत्ती आणि तारीख पानाच्या माथ्यावरच असते.

मूळ मेसेज ज्या मोबाईलमध्ये आला तो फॉरमॅट करू नका, विकू नका, मुलाला देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. हे काम वकील करून घेईल, पण मूळ वस्तूच नसेल तर कशावरून करणार?

> थांबा: ग्रुप सोडू नका. "पळाला" असा अर्थ निघतो, आणि पुढचे मेसेजही दिसायचे बंद होतात. तो मेसेज "बघा काय लिहिलंय" म्हणत इतरांना फॉरवर्डही करू नका. आपली बदनामी आपणच वाटत फिरण्याचा हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे.

## टप्पा २: स्वतःची फाईल उघडा

हा टप्पा लोक टाळतात, कारण लाज वाटते. पण याच्याशिवाय पुढची प्रत्येक गोष्ट लंगडी पडते. कागद घ्या आणि तारीखवार लिहा. आठवणीतून नाही, बँकेच्या पासबुकातून, कॉल लॉगमधून, पोर्टलवरून.

माझा कागद असा होता:

- १८ नोव्हेंबर: पार्टीने (म्हणजे ज्याने पुढे तो मेसेज टाकला त्या ग्राहकाने) कराचे ३८,४०० रुपये यूपीआयने माझ्या खात्यात पाठवले.
- २० नोव्हेंबर: जीएसटीआर-३बी (जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख. खरेदीची बिलं आलेली नाहीत. मी फोन केला होता, पण लेखी काही नाही.
- २८ नोव्हेंबर: बिलं आली.
- १ डिसेंबर: चलन भरलं, रिटर्न गेलं. अकरा दिवस उशीर.
- २० डिसेंबर: पुढच्या महिन्याचं रिटर्न भरताना पोर्टलने मागचं विलंब शुल्क दाखवलं. रोजचे ५० प्रमाणे ५५० रुपये, आणि १८ टक्के दराने अकरा दिवसांचं व्याज २०८.

विलंब शुल्क पोर्टल पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवतं, म्हणून तीन आठवडे कुणालाच काही कळलं नाही आणि एक दिवस अचानक "दंड" उगवला. पार्टीला वाटलं, काहीतरी लपवलं होतं.

आता याच कागदावर आरोपाचे तुकडे करा आणि प्रत्येकासमोर खरं की खोटं ते लिहा. "पैसे वेळेत दिले होते": खरं. "पैसे त्यांच्याकडे पडून होते": हेही खरं, तेरा दिवस. "पैसे फिरवले": खोटं, पूर्ण रक्कम चलनाने भरलेली. मला सगळ्यात जास्त टोचला तो दुसरा तुकडा. तेच पैसे मी १८ तारखेला त्याच्या जीएसटी कॅश लेजरमध्ये (पोर्टलवर कराचे पैसे आगाऊ ठेवायच्या खात्यात) जमा केले असते, तर २०२४ मध्ये झालेल्या नियमातल्या बदलामुळे त्या रकमेवर व्याज लागलंच नसतं. म्हणजे ५५० त्याच्या उशिराचे, पण २०८ माझ्या आळसाचे.

हे २०८ रुपये सापडले म्हणून पुढे माझी बाजू उभी राहिली. आरोपातला जेवढा भाग खरा आहे तेवढा तुम्ही आधी कबूल केलात की उरलेला नाकारताना लोक ऐकतात. सगळंच नाकारलंत आणि नंतर एक तुकडा खरा निघाला, तर बाकीचे खोटे तुकडेही त्याच्याबरोबर खरे ठरतात.

> तपासा: हा कागद तुमच्या धंद्यातल्या, पण तुमच्याशी मैत्री नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याने "इथे तू काय केलंस?" असं विचारलेलं प्रत्येक ठिकाण म्हणजे भोक. ते आत्ताच बुजवा.

> थांबा: जुन्या तारखेची पावती बनवणं, केसपेपरवर मागाहून ओळ घालणं, रजिस्टरमध्ये पान चिकटवणं, यातलं काहीही नको. खोट्या आळातून सुटलेला माणूस खऱ्या गुन्ह्यात सापडतो तो इथेच.

## टप्पा ३: ज्यांचं मत मोजतं त्यांना आधी फोन

ग्रुपवर अडीचशे माणसं असली तरी तुमचा धंदा त्या सगळ्यांवर चालत नाही. यादी करा, वीस नावांच्या वर जाऊ देऊ नका. क्रम असा:

घरची माणसं पहिली. त्यांना बाहेरून कळलं तर संध्याकाळी घरी दुसरी लढाई लागते.

मग ऑफिसचा किंवा दवाखान्याचा स्टाफ. त्यांना बाजारात, रिक्षात, किराणा दुकानात विचारलं जाणार आहे. "सरांशी बोला, मला यातलं माहीत नाही" एवढंच सांगायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या ऑफिसातला मुलगा चहाच्या टपरीवर माझी बाजू मांडायला गेला आणि त्या पार्टीची उलाढाल सांगून आला.

नंतर मोठे ग्राहक, भागीदार, तुमच्याकडे माणसं पाठवणारे. डॉक्टरांच्या बाबतीत रेफर करणारे फॅमिली डॉक्टर आणि समोरचा मेडिकलवाला. केटररच्या बाबतीत मंगल कार्यालयाचे मॅनेजर. क्लासवाल्यांच्या बाबतीत ज्यांच्याभोवती बाकीचे पालक जमतात त्या दोन-तीन आया.

फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलू नका. मी असं बोललो:

"शेठ, ग्रुपवर माझ्याबद्दल आलंय ते तुमच्या कानावर असेलच. रिटर्न अकरा दिवस उशिरा गेलं हे खरं आहे, पैसे फिरवले हे खोटं आहे. त्यांचे कागद मी तुम्हाला दाखवू शकत नाही. पण तुम्ही संध्याकाळी ऑफिसला या, तुमचं स्वतःचं खातं पोर्टलवर तुमच्यासमोर उघडतो. पै अन् पै बघून घ्या."

समोरच्याची फाईल दाखवून मी निर्दोष ठरलो असतो, हे कळूनसुद्धा ती दाखवायची नव्हती. पहिल्या तासात माझं बोट चलनाच्या स्क्रीनशॉटवर होतं, ग्रुपवर टाकायला अगदी तयार. टाकला असता तर वाद जिंकलो असतो आणि पन्नास फायली गेल्या असत्या. कारण प्रत्येक व्यापाऱ्याने मनात एकच म्हटलं असतं: उद्या माझी उलाढालही हा असाच चारचौघांत टाकेल. लोकांना त्या पार्टीचं काय झालं यात फारसा रस नसतो, आपलं काय होईल याची चिंता असते. म्हणून ज्याला शंका आहे त्याला त्याचाच हिशोब दाखवायचा. सात जण आले. सहा जण दहा मिनिटांत चहा पिऊन गेले. सातव्याच्या खात्यात खरंच एक जुनं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं राहिलेलं निघालं आणि तो खूश होऊन गेला.

केटररला हे जमतं ("या, स्वयंपाकघर बघा"), क्लासवाल्याला जमतं ("तुमच्या मुलाच्या उत्तरपत्रिका बघा"). डॉक्टरला तितकं सरळ जमत नाही, त्याचं पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ४: एकच लेखी खुलासा, पाच ओळींचा

हा पहिल्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. जिथे आरोप झाला तिथेच आणि एकदाच. मी टाकलेला मजकूर:

"काल इथे माझ्या कार्यालयाबद्दल एक मेसेज आला. पैसे फिरवल्याचा आरोप खरा नाही. रिटर्नला उशीर झाला होता. त्याचा तारीखवार खुलासा मी संबंधितांना थेट लेखी देत आहे. कुठल्याही पार्टीचे कागद मी ग्रुपवर टाकणार नाही. ज्यांना आपली खाती पाहायची आहेत त्यांनी सोमवार ते शनिवार ५ ते ७ या वेळेत यावं."

यात काय नाही ते पाहा. समोरच्याचं नाव नाही, त्याच्या हेतूवर शेरा नाही, "गेली अठरा वर्षं मी प्रामाणिकपणे" नाही, कोर्टाची धमकी नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात हे सगळं होतं. बायकोने वाचून चार ओळी खोडल्या.

त्यानंतर कुणीही काहीही लिहिलं तरी ग्रुपवर दुसरं उत्तर नाही. दोन-तीन हितचिंतक तुमच्या बाजूने भांडायला उतरतील. त्यांना वैयक्तिक मेसेज करून थांबवा. त्यांच्या प्रत्येक "सर तसे नाहीत" ने मूळ आरोप पुन्हा वर येतो.

डॉक्टरांसाठी वेगळं: रिव्ह्यूला किंवा पोस्टला उत्तर देताना "हा पेशंट माझ्याकडे आला होता" एवढंही कबूल करायचं नाही, मग निदान आणि बिल तर दूरच. "रुग्णांची माहिती आम्ही जाहीर करत नाही, आपली शंका असल्यास दवाखान्यात येऊन भेटा" इथेच थांबायचं. आणि नातेवाइकांनी कागद मागितले तर अडवून ठेवू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी झाल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. कागद रोखलेला दवाखाना लोकांच्या नजरेत आधीच दोषी असतो.

वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट: अशिलाची गुपितं सांभाळणं आलंच. शिवाय तुमच्या व्यवसायांना जाहिरातीवर बंधनं आहेत, त्यामुळे नाव सावरायला म्हणून स्वतःच्या कौतुकाची मोहीम काढली तर खरी तक्रार ओढवून घ्याल.

## टप्पा ५: ज्याने लिहिलं त्याच्याशी बोलणं

लोक हे पहिल्या तासात करतात, फोनवर, ओरडून. चौथ्या-पाचव्या दिवशी करा, समोरासमोर, आणि दोघांनाही मान्य असलेला तिसरा माणूस मध्ये बसवून. आमच्या वेळी बाजारपेठेतले एक जुने भुसार व्यापारी बसले होते, ज्यांना आम्ही दोघंही काका म्हणतो. त्यांनी पहिल्यांदा दोघांचे मोबाईल काढून टेबलावर पालथे ठेवायला लावले.

तारखांचा कागद त्याच्यासमोर ठेवायचा, त्याच्या फाईलचा, त्यालाच. तुमची चूक जेवढी असेल तेवढी भरून द्या. मी २०८ रुपये रोख न देता त्याच्या खात्यावर पाठवले आणि शेऱ्यात "व्याज, नोव्हेंबर" लिहिलं. ५५० मागितले असते तरी दिले नसते. वाद मिटावा म्हणून न केलेल्या चुकीचे पैसे दिले की पुढे तीच कबुली ठरते.

त्याच्याकडून माफी मागू नका, दुरुस्ती मागा. माफीत त्याला कमीपणा वाटतो, दुरुस्तीत वाटत नाही. आणि ती जिथे आरोप केला तिथेच हवी. मला तोंडी "गैरसमज झाला रे" म्हणून भागत नव्हतं. काकांनी तिथेच त्याच्याकडून ओळ लिहून घेतली: "हिशोब पाहिला. कर पूर्ण भरलेला आहे. माझा गैरसमज झाला होता." ती ग्रुपवर पडली तेव्हा आम्ही तिघंही अजून तिथेच बसलो होतो.

> थांबा: समोरचा "पन्नास हजार दे, नाहीतर अजून लिहीन" असं म्हणाला तर बोलणी तिथेच बंद. पैसे देऊ नका, मेसेज जपून ठेवा आणि थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ६: प्लॅटफॉर्म आणि छापील बातमी

गुगल रिव्ह्यू: वाईट आहे म्हणून रिव्ह्यू निघत नाही. तो खोट्या खात्याचा आहे, प्रतिस्पर्ध्याचा आहे, शिवीगाळ आहे, वैयक्तिक माहिती उघड करणारा आहे किंवा सेवेशी संबंध नसलेला आहे, यातलं नेमकं कारण निवडून रिपोर्ट करा. चुकीचं कारण निवडलं की नकार येतो. नातेवाइकांकडून एका दिवसात पंधरा पाच-तारे टाकून घेऊ नका. गावातल्या दातांच्या दवाखान्याचं कौतुक एकदम पुणे-नाशिक-बडोद्याहून येऊ लागलं की ज्याला शंका नव्हती त्यालाही येते.

फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम: आधी पोस्टवरूनच रिपोर्ट, मग तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे हा अधिकारी नेमणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, त्याच्याशिवाय अपील अडतं.

वर्तमानपत्र: आधी संपादकाला लेखी खुलासा पाठवा: कुठली बातमी, कुठली तारीख, कुठलं वाक्य चुकीचं, बरोबर काय. दोनशे शब्दांत. छापलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, पण दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे ओढतं. तेही छोट्या गावात पुष्कळ असतं.

माईक घेऊन दारात येणारी "चॅनेलं": बाइट देऊ नका. लेखी प्रश्न मागा, लेखी उत्तर द्या. "जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो" असं म्हटलं तर तो बातमीचा विषय राहत नाही, खंडणीचा होतो.

## टप्पा ७: पोलीस, वकील, कोर्ट

इथे जितके गैरसमज आहेत तितके कुठेच नाहीत.

"६६अ लावा" म्हणून पोलिसांकडे जाऊ नका. आयटी कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेतलाच तो निकाल. तरी आजही लोक अर्जात ते कलम लिहून आणतात.

बदनामी अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस एफआयआर घेऊन अटक करत नाहीत. "पोलीस फितूर आहेत" असं नाही, कायदाच तसा आहे. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. त्याआधीच्या मेसेजला जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० लागू. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायची, आणि ज्याची बदनामी झाली त्यानेच. नव्या कायद्यात दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणंही ऐकलं जातं, त्यामुळे पहिल्याच तारखेला समन्स निघेल ही आशा सोडा.

पोलिसांकडे कधी जायचं? खंडणी मागितली, तुमच्या नावाने बनावट खातं काढलं, दवाखान्यात किंवा दुकानात तोडफोड केली, जीवे मारण्याची धमकी दिली तर. बनावट खात्यासाठी राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवरही तक्रार करता येते.

मुदत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षात, फौजदारी तक्रार तीन वर्षांत. "आधी वाद मिटतो का बघू" करताना वर्ष कसं उलटतं ते कळत नाही. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दहाव्या महिन्याची आठवण आजच लावा.

एक कोटीचा दावा ऐकायला बरा वाटतो. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर बसते आणि नुकसान सिद्ध तुम्हाला करायचं असतं. त्यासाठी एक वही ठेवा: कोणत्या तारखेला कोणती फाईल गेली, तिची वर्षाची फी किती, कोणती ऑर्डर रद्द झाली, तिचा ॲडव्हान्स किती होता. माझ्या वहीत चार फायली निघाल्या. वार्षिक फी मिळून ३४ हजार. वकिलाने ती बघितली आणि मलाच विचारलं, "एवढ्यासाठी चार वर्षं तारखांना येणार का?" नाही गेलो. तुमच्या वहीतला आकडा मोठा असेल, आरोप अजून चालूच असतील, तर जरूर जा.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच संपतात. ती मोजकी हवी: कोणतं विधान, कुठे, कधी, ते खोटं का, आणि नेमकं काय मागता. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोच आवर्जून मागा. नोटीस समोरचा ग्रुपवर टाकणार हे धरूनच वकिलाला मसुदा करायला सांगा.

ग्रुपच्या ॲडमिनला ओढू नका. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. शिवाय तो मेसेज काढून टाकू शकणारा माणूस तोच आहे. त्याला शत्रू करून काय मिळवणार?

## नोकरीत असाल तर

क्रम तोच, फक्त काही भर. संशय आला म्हणून "सन्मानाने राजीनामा द्या" असा सल्ला मिळेल. राजीनामा रागात देऊ नका. चौकशीआधी गेलेला माणूस बाहेर दोषी म्हणूनच सांगितला जातो. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, मुदत पुरत नसेल तर वाढ लेखी मागा. ज्या कागदांवर आरोप आहेत त्यांच्या प्रती मागा आणि मिळेपर्यंत मागणीची पोच जपा. ऑफिसचे कागद गुपचूप स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, तोच नवा आरोप होतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू होतात. निलंबन ही त्यात शिक्षा नाही आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. शेजाऱ्यांना ते समजणार नाही.

## टप्पा ८: पुढचे सहा महिने

झोप गेली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. याला कमीपणा मानण्याचं कारण नाही. पहिल्या आठवड्यात मी पहाटे तीनला उठून ग्रुप उघडून बघत होतो.

बाजारात जाणं बंद करू नका. नेहमीच्या वेळी दुकान उघडा, संघटनेच्या मीटिंगला जा, नेहमीच्या खुर्चीवर बसा. कुणी विषय काढला तर एका वाक्यात उत्तर आणि दुसऱ्या विषयाकडे. आपण होऊन विषय काढायचा नाही. महिन्याभराने निम्म्यांना तो आठवत नसतो, आणि आपणच "तुम्ही ऐकलं असेल ना" म्हणून आठवण करून देतो.

महिन्यातून एकदा आपलं आणि ऑफिसचं नाव मराठीत आणि इंग्रजीत शोधून बघा. पुरावा, तारखांचा कागद, खुलासा आणि दुरुस्तीचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. तोच आरोप दीड वर्षाने दुसऱ्या ग्रुपवर उगवला तर नवीन काही लिहायचं नाही, दुरुस्तीचा तो स्क्रीनशॉट ॲडमिनला पाठवायचा.

गेलेल्या ग्राहकाला परत बोलवायला जाऊ नका. फाईल मागितली तर त्याच दिवशी, पूर्ण, यादीवर सही घेऊन द्या. माझ्या चारपैकी एकजण मार्चअखेरीला परत आला, काही न बोलता, पिशवीत बिलं घेऊन.

आणि टप्पा २ मध्ये सापडलेलं भोक कायमचं बुजवा. मी एप्रिलपासून कराचे पैसे माझ्या खात्यात घेत नाही. चलन तयार करून मोबाईलवर पाठवतो, भरणा पार्टीच्याच खात्यातून. बिलं आली नाहीत तर १५ तारखेला एक मेसेज आणि १८ ला दुसरा, दोन्ही लेखी. शेठ लोकांना हे त्रासाचं वाटतं. "तूच भरून टाक रे, नंतर देतो" म्हणतात. मी चलन पुन्हा एकदा पाठवतो.